पहिल्या गाडीचा इन्शुरन्स: चार ठिकाणची कोटेशनं, एक पॉलिसी आणि एक क्लेम

गेल्या जूनमध्ये मी माझी पहिली गाडी घेतली, सेकंड हँड वॅगनआर, 2021 च्या जुलैचं पासिंग, एमएच 11. साताऱ्यात बाबांच्या ओळखीच्या एका शिक्षकांची होती, नीट वापरलेली, 3 लाख 90 हजारांत मिळाली. मी तेवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला लागून दुसरं वर्ष, लायसन्स पक्कं होऊन जेमतेम चार महिने झालेले. गाडीचे पैसे बाबांनी आणि मी मिळून भरले पण इन्शुरन्स माझा मी भरायचा असं ठरलं होतं, म्हणून त्यात मी जरा जास्तच डोकं घातलं. आता नऊ-दहा महिने झालेत, मध्ये एक क्लेमही होऊन गेला, म्हणून लिहितेय. नवीन गाडी शिकलेल्या आणि पहिल्यांदा पॉलिसी घेणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा एवढंच.

आधी एक भीती काढून टाकते कारण मलाही ती होती. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून मला वाटत होतं की वय कमी आणि लायसन्स नवीन म्हणजे प्रीमियम दुप्पट येणार. आपल्याकडे तसं नाहीये. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो, चालवणाऱ्याच्या वयावरून दर सहसा ठरत नाही. गाडीचं इंजिन किती सीसी, गाडी किती जुनी, पासिंग कुठलं, गाडीची किंमत किती धरली आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) किती, यावर बहुतेक सगळं ठरतं. मला जन्मतारीख विचारली ती स्वतःच्या अपघात विम्यासाठी. फक्त गाडी चालवताना लायसन्स व्हॅलिड पाहिजे. लर्निंग असेल तर शेजारी पक्क्या लायसन्सवालं माणूस बसलेलं पाहिजे आणि लाल एल लावलेला पाहिजे, हे पाळलं तर लर्निंगवालाही पॉलिसीत बसतो. मी लर्निंगवर असताना बाबा शेजारी बसल्याशिवाय मी चावी फिरवली नाही, त्यांनीच फिरवू दिली नाही.

म्हणजे तरुण असण्याचा दंड नाही, पण नवीन असण्याचा आहे. तो असा की तुमच्याकडे नो क्लेम बोनस शून्य असतो, आणि सुरुवातीला गाडी घासणार हे जवळजवळ नक्की असतं.

थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, सगळीकडे सारखाच. तो दर सरकार ठरवतं, 2022 च्या जूनपासून 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 रुपये, 1000 ते 1500 पर्यंत 3,416 आणि त्याच्या वर 7,897. माझी वॅगनआर एक लिटरवाली म्हणजे 998 सीसी, म्हणून 2,094. स्विफ्ट घेतली असती तर ती 1197 सीसी, दरवर्षी तेराशे रुपये इथेच जास्त गेले असते. गाडी निवडताना हे कोणी सांगत नाही, शोरूमवाला पण नाही आणि विकणारा पण नाही. हा भाग घ्यावाच लागतो, नसेल तर पहिल्या वेळी 2,000 दंड आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण दंड सोडा, थर्ड पार्टी नसताना कोणाला लागलं तर ती भरपाई आयुष्यभर फेडत बसावं लागेल, मला तरी त्या विचारानेच घाम फुटतो.

एजंट, दुकानदार, वेबसाईट यांच्यात जो फरक पडतो तो ओडीमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. 2007 पासून तो दर कंपन्यांना मोकळा आहे, म्हणून डिस्काउंट प्रत्येकाचा वेगळा. मी चार ठिकाणी विचारलं.

पहिलं, पुण्यातलं एक सेकंड हँड गाड्यांचं दुकान. गाडी तिथून घेतली नव्हती पण मैत्रिणीच्या ओळखीचा माणूस होता. त्याने फोनवरच 13,400 सांगितले. कशाकशाचे विचारलं तर चावी हरवली तर, टायर फुटला तर, सामान चोरीला गेलं तर, असं बरंच काही त्यात घातलेलं. कशाचे किती याचा ब्रेकअप मागितला, दोनदा मागितला, पाठवतो म्हणाला आणि आलाच नाही. मी विषय सोडला.

दुसरं, सरकारी कंपनीची शाखा. या चार कंपन्या आहेत, त्यातली न्यू इंडिया तर 1919 साली दोराबजी टाटांनी सुरू केलेली, आणि आमच्या घरी सरकारी म्हणजे खात्रीचं असं आजोबांपासून चालत आलंय. मी जिथे गेले तिथल्या बाई शांतपणे समजावून सांगणाऱ्या होत्या, कागद कुठले लागतील ते लिहून दिलं, दर थोडा जास्त होता पण फार नाही. माझ्या राहत्या ठिकाणापासून लांब पडत होतं म्हणून मी तिथे घेतली नाही, दुसरं काही कारण नाही.

तिसरं ऑनलाइन. इथे मी दोन रात्री बसले आणि या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

एका अॅपवर गाडीचा नंबर टाकला आणि क्षणात सगळं आलं, मॉडेल, पासिंगची तारीख, आधीची पॉलिसी कधी संपते ते. मग एक प्रश्न, गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का. मी नाही म्हटलं, कारण ज्यांची गाडी होती त्या गुरुजींनी खरंच कधी क्लेम घेतला नव्हता. पुढच्या स्क्रीनवर झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत ते) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर) धरून 7,456 रुपये. मी एवढी खूश झाले की बाबांना स्क्रीनशॉट पाठवला.

बाबांनी तो आमच्या एजंट काकांना पाठवला. काका म्हणजे बाबांची स्कूटर, मामाचा टेम्पो, शेजाऱ्यांची गाडी असं सगळं बघणारे, साताऱ्यातच असतात. त्यांचा लगेच फोन आला, "बाळा, यात पंचेचाळीस टक्के नो क्लेम बोनस धरलाय तो कुणाचा आहे?"

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. गुरुजींनी चार वर्षं क्लेम घेतला नाही म्हणून तो 45 टक्के त्यांचा, त्यांच्या पुढच्या गाडीला ते तो नेऊ शकतात, त्याचं पत्र कंपनीकडून घेतलं की तीन वर्षं चालतं. गाडी माझ्या नावावर आल्यावर माझा बोनस शून्य. अॅपने नंबरावरून जुनी माहिती उचलली आणि मालक बदललाय का हा प्रश्न कुठेतरी खाली बारीक अक्षरात एका टिकमध्ये होता जी मी बघितलीच नाही. मी परत उघडून ती टिक केली. किंमत 9,580 झाली. म्हणजे 2,124 रुपयांचा फरक.

आता खरं सांगते, एक क्षण मनात आलं की आधीचं तसंच राहू द्यावं. आपण काय खोटं बोललो, त्यांनीच भरलं. पण माझ्या रूममेटच्या भावाचं नेमकं हेच झालं होतं, हे तिने मला त्याच आठवड्यात सांगितलं. त्याने अशीच सेकंड हँड गाडी घेतली, स्वस्त पॉलिसी ऑनलाइन काढली, सहा महिन्यांनी मागून ट्रकने ठोकली, मोठं काम निघालं आणि कंपनीने आधीच्या कंपनीकडे बोनसची चौकशी केली. बोनस त्याचा नाहीच हे निघालं आणि ओडीचा क्लेम नाकारला. त्याचा काही फसवायचा हेतू नव्हता, त्याने फक्त स्क्रीनवर जे आलं ते पुढे नेलं. पंचवीसेक वर्षांचा मुलगा, कर्ज काढून गाडी घेतलेली. मला हे ऐकून फार वाईट वाटलं आणि रागही आला, कारण कळीचा प्रश्न पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विचारायला काय जातं? दुसऱ्या एका साइटवर तो प्रश्न अगदी सुरुवातीलाच होता, म्हणजे करता येतं.

म्हणून सेकंड हँड गाडी घेतलेल्या प्रत्येकाने कोटेशनमध्ये नो क्लेम बोनसची ओळ बघा. तिथे शून्याशिवाय काही दिसलं आणि तुमच्या आधीच्या गाडीचा बोनस नसेल, तर ते कोटेशन तुमचं नाहीच. कितीही कमी असू दे.

दुसरी ओळ आयडीव्हीची. गाडी चोरीला गेली किंवा पार गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती हीच. मला एक 6,900 चं कोटेशन आलं होतं, बोनस शून्य धरूनही, म्हटलं हे कसं काय. बघितलं तर आयडीव्ही 2 लाख 20 हजार. मी गाडी 3 लाख 90 ला घेतलीय. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आजच्या कंपनी किमतीतून 50 टक्के घसारा काढतात, त्या हिशोबाने माझी साधारण 3 लाख 10 हजार येत होती, तीच मी सगळीकडे टाकून मग तुलना केली. साइटवर आयडीव्हीचा आकडा बदलता येतो, थोडा वर किंवा खाली. खाली ओढला की प्रीमियम कमी दिसतो आणि बरेच जण तेच करतात. मला विचाराल तर पहिल्या गाडीला करू नका, कारण आपल्याकडे दुसरी गाडी घ्यायला पैसे नसतात.

आता चौथं ठिकाण, एजंट काका. त्यांचं पहिलं कोटेशन 11,200 होतं. मी त्यांना ऑनलाइनचं दुरुस्त केलेलं 9,580 चं दाखवलं, सरळ सांगितलं की काका माझं बजेट दहाच्या आत आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी वेगळ्या कंपनीचं आणलं, 9,980, आयडीव्ही तीच, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट सगळं तेच. ऑनलाइनपेक्षा चारशे जास्त. मी काकांकडून घेतली.

चारशे का दिले? कारण पॉलिसी काढायच्या आधीच त्यांनी एक काम केलं होतं जे मला सुचलंच नसतं. गाडी मी 21 जूनला घेतली आणि गुरुजींची पॉलिसी 9 जुलैपर्यंत होती. बाबा म्हणाले अजून अठरा दिवस आहेत, चालवू. काका म्हणाले थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते पण ओडी येत नाही, ती चौदा दिवसांच्या आत कळवून नावावर करून घ्यावी लागते. फॉर्म 29 आणि 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) च्या कॉपी घेऊन त्यांनी जुनी पॉलिसी माझ्या नावावर केली, गुरुजींना मिळालेली बोनसची सूट उरलेल्या दिवसांपुरती परत भरावी लागली आणि थोडी फी, सगळं मिळून दोनशेच्या आतच गेलं. त्या अठरा दिवसांत मी सातारा-पुणे पहिल्यांदा चालवत आले, खंबाटकीतून, पावसात. नावावर नसती आणि काही झालं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

ऑनलाइन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ज्याला हे सगळं कळतं, ज्याची ही तिसरी-चौथी पॉलिसी आहे, त्याने सरळ कंपनीच्या साइटवरून घ्यावी. आणि ऑनलाइनचं कोटेशन हातात नसतं तर काकांनी अकरा हजार दोनशेच घेतले असते, हेही तेवढंच खरं. त्यांच्यावर माझा राग नाही, तो त्यांचा धंदा आहे, पण विचारल्याशिवाय कमी होत नाही. आधी स्वतः बघा, आकडे वहीत लिहा, मग एजंटाकडे जा.

आता अॅड-ऑनबद्दल, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या गोष्टींबद्दल. झिरो डेप नवीन चालवणाऱ्याने घ्यावंच असं माझं मत आहे आणि ते पुढे क्लेमच्या वेळी पक्कं झालं. इंजिन प्रोटेक्ट मी घेतलं ते 400 रुपयांत, कारण 25 जुलै 2024 ला मी सिंहगड रोडला राहत होते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात बुडालेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. त्यानंतर गॅरेजवाल्यांकडून ऐकलेलं डोक्यात बसलंय, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि मग साध्या पॉलिसीत ते इंजिनचं काम बसत नाही. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची.

चावीचं, टायरचं, सामानाचं मी काही घेतलं नाही. अपघात विमा 15 लाखांचा घ्यावाच लागतो, माझा 325 रुपयांचा होता, पण तुमच्या स्वतःच्या नावावर स्कूटर असेल आणि तिच्या पॉलिसीत हा आधीच घेतलेला असेल तर परत घ्यायची गरज नाही, तसं सांगितलं की काढून टाकतात. माझ्या ऑफिसमधल्या दोघांनी दोन-दोन वेळा भरलाय. पासिंग पुण्याचं असेल तर झोन ए, साताऱ्याचं झोन बी, त्यात थोडासा फरक पडतो, माझ्या बाजूने पडला. आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. 2025 च्या सप्टेंबरपासून घरच्यांच्या हेल्थ आणि लाइफ इन्शुरन्सवरचा गेला, गाडीवरचा आहे तसाच आहे.

माझा हिशोब कोणाला हवा असेल तर तो ऑनलाइनच्या 9,580 वाल्या कोटेशनचा असा होता, ओडी 4,000, झिरो डेप 1,300, इंजिन प्रोटेक्ट 400, अपघात विमा 325, थर्ड पार्टी 2,094, बेरीज 8,119 आणि वर जीएसटी. काकांच्या पॉलिसीत ओडी थोडी जास्त होती. तुमचा आकडा वेगळा येणार, मॉडेल आणि पासिंगवर, म्हणून कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, माझ्या नावावर जाऊन कोणी तीच घेऊ नये.

आता क्लेम.

ऑगस्टमध्ये आरशाचं कव्हर तुटलं आणि मागच्या दाराला ओरखडा आला, भाजी मंडईच्या गल्लीत. गॅरेजने 1,800 सांगितले. मी काकांना फोन केला, क्लेम टाकू का? ते म्हणाले थांब, हिशोब कर. एक हजार तर तुलाच भरायचेत, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये एवढे आपले जातातच. आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी मिळणारा 20 टक्के बोनस गेला, म्हणजे चार हजारावर आठशे आणि त्यावरचा जीएसटी धरून 944. दोन्ही मिळून 1,944. म्हणजे 1,800 चा क्लेम घेऊन वर दीडशे रुपये तुझेच जाणार. मी खिशातून भरले. वर्षाला दोनच झिरो डेप क्लेम अशी अट पण बऱ्याच पॉलिसीत असते, माझ्यातही आहे, तीही उगाच वापरली गेली असती.

नोव्हेंबरमध्ये मात्र मोठं झालं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये वळण घेताना गाडी खांबावर घासली, डावं दार आत गेलं आणि पुढचा बंपर फाटला. चूक माझी, वळण लवकर घेतलं. खूप रडू आलं, खोटं कशाला सांगू, पण काकांनी फोनवर एक-एक करून सांगितलं तसं केलं. गाडी हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, एक नंबर प्लेटसकट. मग कंपनीच्या नंबरवर फोन, क्लेम नंबर घेतला. मग त्यांच्या कॅशलेस यादीतल्या (जिथे बिल कंपनी थेट देते अशा) गॅरेजला गाडी नेली. आरसी, लायसन्स, पॉलिसी सगळं मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये होतं, तेवढ्यावर काम झालं. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला कंपनी पाठवते तो माणूस, दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याने कसं झालं ते विचारलं, मी जसं झालं तसंच सांगितलं. गॅरेजमधल्या एकाने मला आधी हळूच सुचवलं होतं की दुसऱ्या गाडीने ठोकलं असं सांगा. काही गरज नाही हो. आपली चूक असली तरी ओडीचा क्लेम मिळतो, त्यासाठीच तर पैसे भरतो.

एस्टिमेट 14,600 झालं. बंपर 3,900, दार 4,800, पेंटिंग 4,200, मजुरी 1,280 आणि नट-बोल्ट, क्लिपा वगैरे 420. मी भरले 1,420, म्हणजे ते एक हजार आणि नट-बोल्टचे 420. बाकी 13,180 कंपनीने गॅरेजला दिले.

मला राहवलं नाही म्हणून गॅरेजमधल्या सर्व्हिस अॅडव्हायझर दादांना विचारलं की झिरो डेप नसतं तर किती गेले असते. त्यांनी कागदावरच करून दाखवलं. प्लास्टिकच्या भागाला 50 टक्के घसारा, म्हणजे बंपरचे 1,950 माझे. दाराचा पत्रा, गाडी चार ते पाच वर्षांच्या मधली म्हणून 35 टक्के, 1,680. पेंटमध्ये पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे, 525. एकूण 4,155 जास्तीचे. आणि झिरो डेपसाठी मी जीएसटी धरून साधारण दीड हजार भरले होते. एका खांबात फिटले.

गाडी पाचव्या दिवशी मिळाली. दाराचा रंग उन्हात बघितला तर बाकीच्यापेक्षा जरा उजळ वाटतो, मी तसं त्यांना दाखवलं, पॉलिश करून दिलं, तरी थोडा फरक आहेच. तेवढी एक तक्रार. बाकी कंपनीकडून दोन मेसेज आणि एक फोन, त्यापलीकडे मला कोणाच्या मागे धावावं लागलं नाही. आणि अडलं असतं तर कुठे जायचं हेही तोवर माहीत करून घेतलं होतं, आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 155255 नंबर किंवा बिमा भरोसा पोर्टल, आणि त्यानंतर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे आणि फी लागत नाही. रूममेटच्या भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पाच पैकी किती द्यायचे असं असेल तर काकांना साडेचार, अर्धा त्या पहिल्या 11,200 चा कापला. ऑनलाइनच्या त्या पहिल्या अॅपला दोन, मालक बदलल्याचा प्रश्न लपवल्याबद्दल, बाकी वापरायला सोपं होतं. सुरुवातीलाच विचारणाऱ्या साइटला चार. सरकारी शाखेतल्या बाईंना त्यांच्या बोलण्याबद्दल पाच. दुकानदाराला देण्यासारखं काही मिळालं नाही.

आता या जुलैत पॉलिसी संपते. एक क्लेम झाल्यामुळे बोनस शून्यच राहणार, ते मला मान्य आहे. पण गाडीला पाच वर्षं पूर्ण होतायत आणि बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर झिरो डेप देत नाहीत, काही देतात पण महाग. म्हणून मी जूनच्या पहिल्याच आठवड्यात विचारायला सुरुवात करणार आहे, शेवटच्या दिवसावर ठेवणार नाही, कारण एकदा पॉलिसी संपून गेली की ओडीसाठी परत गाडीची तपासणी करा, व्हिडिओ पाठवा हे सगळं मागे लागतं. कोणाच्या पाच वर्षांवरच्या वॅगनआरला झिरो डेप मिळालं असेल तर किती घेतले तेवढं नक्की लिहा, पासिंग कुठलं तेही.